रोबोट आणि थ्रीडी सी-आर्म यांची सांगड : ग्रामीण रुग्णालयातील एका रेडिओग्राफरचा अनुभव

वर्धा नदीच्या काठाकडील एका तालुक्याच्या गावी, विश्वस्त संस्थेने चालविलेल्या रुग्णालयात मी रेडिओग्राफर म्हणून काम करते. मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी रोबोटिक यंत्रभुजा आणि तिच्या जोडीला थ्रीडी सी-आर्म (म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारख्या कमानीचे, रुग्णाभोवती फिरून त्रिमितीय क्ष-किरण चित्र घेणारे यंत्र) घेण्याचा निर्णय आमच्या व्यवस्थापनाने 2023 च्या जूनमध्ये घेतला आणि या दोन यंत्रांच्या साहाय्याने पहिली शस्त्रक्रिया 2024 च्या मार्चमध्ये पार पडली. मधल्या महिन्यांत कागदपत्रे, प्रशिक्षण, सराव आणि भीती यांतून आमचा छोटासा विभाग कसा गेला, ते मी येथे सविस्तर लिहिते आहे. रोबोटविषयी शल्यचिकित्सकांच्या बाजूने पुष्कळ लिहिले जाते. रोबोटला चित्र पुरविणाऱ्या माणसाने काय करायचे, याविषयी मराठीत मला काही सापडले नाही. अशी यंत्रे आता लहान गावांतही येऊ लागली आहेत आणि उद्या एखादा तंत्रज्ञ त्यांच्याशेजारी पहिल्यांदा उभा राहील, तेव्हा त्याच्या हाती काहीतरी असावे, एवढीच इच्छा आहे.

आधी काम काय असते ते सांगते. मणका सरकला असेल किंवा नस दबली असेल, तर मणके एकमेकांना जोडण्यासाठी त्यांत स्क्रू बसवितात. हा स्क्रू मणक्याच्या मागील भागातून पुढील भागाकडे जाणाऱ्या हाडाच्या एका अरुंद खांबातून, म्हणजे पेडिकलमधून, न्यावा लागतो. आमच्याकडे कमरेच्या मणक्यांत बहुधा 6.5 मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरतात आणि पेडिकल त्यापेक्षा थोडेच रुंद असते. त्याच्या आतल्या अंगाला मज्जातंतूंचे आवरण आणि खालच्या अंगाला पायात जाणारी नस असते. रोबोट येथे स्वतः काही कापत नाही. तो फक्त एक पोकळ नळी ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कोनात घट्ट धरून ठेवतो. त्या नळीतून भोक पाडण्याचे आणि स्क्रू बसविण्याचे काम शल्यचिकित्सकच करतात. ही जागा आणि हा कोन रोबोटला चित्रावरून कळतो. चित्र जर टेबलावरच्या माणसाशी जुळत नसेल, तर यंत्रभुजा अत्यंत अचूकपणे चुकीच्या ठिकाणी जाऊन थांबेल. म्हणून या साऱ्या खटाटोपाचा गाभा म्हणजे चित्र आणि रुग्ण यांचा मेळ, आणि तो घालण्यात व टिकविण्यात रेडिओग्राफरचा वाटा फार मोठा आहे.

कागदपत्रांची सुरुवात जुलैमध्ये झाली. रोबोटमधून किरणोत्सर्ग होत नाही, त्यामुळे त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागत नाही. सी-आर्मसाठी मात्र लागते. हे काम मंडळाच्या ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीवर होते. यंत्राचे मॉडेल मंडळाने मान्य केलेले आहे ना, हे खरेदीच्या आधी पाहावे. त्यानंतर यंत्र बसविणे, गुणवत्ता चाचणीचा अहवाल, यंत्र चालविणाऱ्यांच्या पात्रतेची प्रमाणपत्रे, विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याची मान्यता आणि प्रत्येक कर्मचाऱ्याचा टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) अशा पायऱ्या चढून वापराचा परवाना मिळतो. आमच्या शस्त्रक्रियागृहाच्या भिंती जुन्या आणि नऊ इंची विटांच्या होत्या, त्यामुळे त्यांचा प्रश्न आला नाही. दारे मात्र साध्या प्लायची होती. त्यांना आतून शिशाचा पत्रा बसवावा लागला आणि दोन दारांना मिळून सुमारे 1,10,000 रुपये खर्च आला. हे काम करणारे कारागीर नागपूरहून यायचे होते, नेमका पोळा आणि गणपती मध्ये आले, आणि दारांचे काम ऑक्टोबरपर्यंत लांबले. परवाना नोव्हेंबरच्या अखेरीस हाती आला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. संस्थेच्या नोंदणीवर जे नाव आहे, अक्षरशः तेच नाव यंत्राच्या बिलावर, चाचणीच्या अहवालावर आणि अर्जावर असावे. विश्वस्त संस्थेचे नाव एका ठिकाणी आणि रुग्णालयाचे दुसऱ्या ठिकाणी असले, की अर्ज परत येतो. खरेदीच्या करारात आणखी दोन बाबी लिहून घ्याव्यात : किमान दोन रेडिओग्राफरांचे प्रशिक्षण (एकच शिकला आणि तो रजेवर गेला, तर यंत्र झाकून ठेवावे लागते) आणि प्रत्येक शस्त्रक्रियेला लागणाऱ्या एकदाच वापरायच्या वस्तूंचे दर. निर्जंतुक आवरणे, रोबोटच्या कॅमेऱ्याला दिसणाऱ्या परावर्तक गोळ्या आणि पिना मिळून आम्हाला दर शस्त्रक्रियेला सुमारे 18,000 रुपये पडतात; हा आकडा आमच्या व्यवस्थापनाला यंत्र आल्यावर कळला असता, तर हिशेब कोलमडला असता.

प्रशिक्षण 2024 च्या जानेवारीत हैदराबादच्या एका रुग्णालयात झाले. हिंगणघाटहून बल्लारशामार्गे सिकंदराबादला जाणारी गाडी पकडून माझे सहकारी आणि मी गेलो. शुल्क करारातच धरलेले होते, प्रवास आणि राहणे रुग्णालयाने दिले. पहिल्या दिवशी तेथील प्रशिक्षकांनी इतिहास थोडक्यात सांगितला आणि त्यामुळे माझ्या डोक्यातील बराच गोंधळ निवळला. 1985 साली अमेरिकेत ‘प्यूमा 560’ ही कारखान्यातील कामांसाठी बनविलेली यंत्रभुजा मेंदूतील गाठीचा नमुना घेताना सुईला दिशा देण्यासाठी वापरली गेली, आणि ती दिशा सीटी स्कॅनवरून ठरविलेली होती. म्हणजे रोबोट आणि चित्र हे पहिल्यापासूनच एकत्र आलेले आहेत. मणक्यासाठीच्या पहिल्या रोबोटला अमेरिकेच्या औषध नियामकाची संमती 2004 मध्ये मिळाली. तो इस्रायलमधील एका कंपनीचा होता, मणक्यावरच बसविण्याइतका लहान होता, आणि आधी काढलेला सीटी शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या दोन साध्या क्ष-किरण चित्रांशी जुळविण्यावर त्याचे काम चालत असे.

हे जुळविणे का लागते, हे समजले की पुढचे सगळे समजते. सीटी काढताना रुग्ण पाठीवर झोपलेला असतो, शस्त्रक्रियेच्या वेळी तो पोटावर असतो. कमरेचा बाक बदलतो, मणक्यांमधील अंतरे बदलतात. प्रत्येक मणका स्वतः तसाच राहतो, पण शेजाऱ्याशी असलेले त्याचे नाते बदलते. म्हणून आधीचा सीटी वापरायचा असेल, तर प्रत्येक मणका स्वतंत्रपणे जुळवावा लागतो. किंवा मग रुग्णाला पोटावर झोपविल्यानंतर शस्त्रक्रियागृहातच थ्रीडी स्कॅन करायचा, म्हणजे चित्र त्या क्षणाच्या स्थितीचेच मिळते. आमच्याकडे दुसरी पद्धत मुख्य आहे आणि पहिली राखीव. त्यामुळे आधीचा सीटीही नियमाने काढावाच लागतो : काप 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, गॅन्ट्री (सीटी यंत्राचे गोल कडे) न झुकविता, आणि मणके मोजता येतील एवढा भाग घेऊन. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. काही माणसांत माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा असतो, तर काहींत कमरेचा पाचवा मणका त्रिकास्थीला चिकटलेला असतो. संगणक मणक्यांना आपोआप क्रमांक देतो, पण अशा रुग्णात तो क्रमांक चुकू शकतो. बरगड्यांपासून खाली आणि त्रिकास्थीपासून वर, दोन्ही बाजूंनी मोजून शल्यचिकित्सक आणि रेडिओलॉजिस्ट यांचे एकमत झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे तेथे शिकविले आणि आम्ही ते तसेच उचलले.

फेब्रुवारीत परत आल्यावर पहिली अडचण आली ती नावांची. सी-आर्म, सीटीचे यंत्र आणि रोबोटचा संगणक हे एकमेकांना केबलने जोडलेले असतात आणि रुग्णाची ओळख जुळली तरच चित्र स्वीकारतात. आपल्याकडे ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी डी-एन-वाय असे सुरू करतो, कोणी जी-वाय असे. आडनावाच्या शेवटी कोणी एक ए लावतो, कोणी लावत नाही. नोंदणी खिडकीवर एक, सीटीत दुसरे आणि सी-आर्मवर तिसरे असे झाले, की संगणकाच्या दृष्टीने तीन निरनिराळी माणसे होतात. आम्ही ठरविले की नाव कोणीही टंकित करायचे नाही. नोंदणीच्या वेळचा रुग्ण क्रमांक वर्कलिस्टमधूनच (संगणकावरील रुग्णांच्या यादीतूनच) उचलायचा, आणि स्कॅनच्या आधी रुग्णाच्या मनगटावरील पट्टीवरचा क्रमांक मी मोठ्याने वाचायचा आणि रोबोटच्या पडद्यापाशी बसलेल्याने तो पुन्हा मोठ्याने वाचायचा.

त्यानंतर सराव सुरू झाला. प्लास्टिकच्या मणक्यांचा सांगाडा टेबलावर ठेवून आम्ही संपूर्ण शस्त्रक्रिया रिकाम्या शस्त्रक्रियागृहात घडवून पाहत असू. सी-आर्मची चाके कुठे थांबतात, तेथे जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटविल्या. किरण सुरू न करता सी-आर्मची कमान पूर्ण फिरवून ती टेबलाला, यंत्रभुजेला किंवा भुलीच्या नळ्यांना कुठे अडते ते पाहिले. इन्फ्रारेड कॅमेऱ्याची जागा ठरविली. हा कॅमेरा रुग्णाच्या हाडाला बसविलेली संदर्भ चौकट, यंत्रभुजा आणि सी-आर्मवरील खुणा या सगळ्यांना एकाच वेळी पाहत असतो, आणि त्याच्या नजरेच्या वाटेत कोणी उभे राहिले की पडद्यावरची खूण लाल होते. या सरावात मला सर्वांत अवघड वाटले ते यंत्र नव्हे, बोलणे. आमच्याकडे रेडिओग्राफर शस्त्रक्रियागृहात कोपऱ्यात उभा राहतो, ‘शूट’ म्हटले की बटण दाबतो आणि काम झाले की यंत्र बाहेर नेतो. वरिष्ठ सरांना ‘थांबा’ म्हणण्याची आम्हाला सवय नाही. आमच्या अस्थिशल्यचिकित्सकांनी मात्र पहिल्याच सरावात स्पष्ट सांगितले, की चित्राविषयी कोणाच्याही मनात शंका आली तर त्याने ‘थांबा’ म्हणायचे, मग तो वॉर्डबॉय असो, आणि तो शब्द आला की सगळ्यांचे हात थांबतील. बोलण्याचा क्रम आम्ही मराठीतच ठरविला आणि मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला : ‘भूल तयार?’, ‘तयार’, ‘सगळे बाहेर?’, ‘बाहेर’, ‘श्वास थांबवला’, ‘स्कॅन सुरू’, ‘स्कॅन संपला, श्वास सुरू’.

पहिले रुग्ण यवतमाळ जिल्ह्यातील 58 वर्षांचे शेतकरी होते. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकला होता आणि बांधावरून थोडे चालले की पाय बधिर होऊन त्यांना खाली बसावे लागे. त्यांची शिधापत्रिका पांढरी होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अशांना योजना सरसकट मिळत नव्हती, पण यवतमाळ हा शेतीच्या संकटामुळे विशेष धरलेल्या 14 जिल्ह्यांपैकी एक असल्याने, पांढऱ्या शिधापत्रिकेसोबत सातबारा उतारा जोडून त्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसविता आले. आरोग्यमित्रांनी, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसांनी, कागद चढविले. एमआरआयची आम्ही दिलेली प्रत पुसट होती म्हणून शेरा आला, स्पष्ट प्रत दिल्यावर मंजुरी आली. योजनेच्या रकमेत रोबोटसाठी वेगळे काही नसते. सुरुवातीच्या रुग्णांकडून त्याचे शुल्क घ्यायचे नाही, असे विश्वस्तांनी ठरविले होते. योजनेत न बसणाऱ्या रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी लेखी अंदाजपत्रक मागावे आणि त्यात रोबोटचे शुल्क, स्क्रूंची किंमत आणि स्कॅनचा खर्च वेगवेगळा दाखवायला सांगावे. तो त्याचा हक्क आहे.

संमतीपत्र समजावून सांगताना मी हजर होते. त्यांच्या पत्नीने विचारले, “मॅडम, मशीनच करन का सारं, का डाक्टरसायब बी राह्यतीन जोळ?” आमच्या अस्थिशल्यचिकित्सक सरांनी त्यांना खुर्चीवर बसवून प्लास्टिकच्या मणक्यावर दाखविले, की यंत्र फक्त वाट धरून ठेवते आणि हात त्यांचाच असतो. यंत्र मध्येच बंद पडले किंवा चित्र जुळले नाही, तर नेहमीच्या पद्धतीने शस्त्रक्रिया पूर्ण केली जाईल, हेही संमतीपत्रात लिहिले होते आणि त्यासाठीची हत्यारे त्या दिवशी खरोखरच उघडून तयार ठेवली होती. यंत्र बंद पडले तर काय, हा प्रश्न कोणत्याही रुग्णालयात नातेवाइकांनी जरूर विचारावा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी सकाळी सातपूर्वीच यंत्रे सुरू केली. रुग्णाला भूल देऊन कार्बनच्या टेबलावर पोटावर झोपविले. धातूच्या आडव्या पट्ट्या असलेले टेबल या कामाला चालत नाही, कारण धातू चित्रात पांढऱ्या रेघा पाडतो. हात डोक्याच्या बाजूला वर ठेवले, ईसीजीच्या तारा कमरेच्या भागातून दूर सरकविल्या, कमान एकदा कोरडीच फिरवून पाहिली. मग सरांनी श्रोणीच्या (कमरेखालच्या) हाडात पिना बसवून त्यांच्यावर संदर्भ चौकट लावली. या चौकटीवर चार परावर्तक गोळ्या असतात, साधारण बोराएवढ्या, करड्या आणि किंचित खरखरीत. कॅमेरा त्यांच्यावरून परतणारा प्रकाश पाहतो आणि त्यावरून हाड कुठे आहे ते ठरवितो. एका गोळीवर रक्ताचा बारीक थेंब उडाला आणि पडद्यावर चौकट दिसेनाशी झाली. स्क्रब सिस्टरने ओल्या गॉजने ती टिपली, मग कोरड्या गॉजने पुसली, तरी खूण थरथरतच राहिली. शेवटी तिने ती गोळी फिरवून काढली आणि नवी बसविली. तेव्हापासून जादा गोळ्या आधीच उघडून ठेवल्या जातात.

समोरून आणि बाजूने एकेक चित्र घेऊन मी चौथा आणि पाचवा मणका व त्रिकास्थीचा वरचा भाग बरोबर मध्यभागी आणला. आमच्या यंत्राच्या एका फेरीत कमरेचे तीन-चार मणकेच मावतात; मध्य साधला नाही, तर पुन्हा फेरी आणि रुग्णाला पुन्हा किरण. जखमेतील धातूची हत्यारे काढून घेतली, जखम निर्जंतुक कापडाने झाकली. भूलतज्ज्ञ शिशाच्या पडद्याआड थांबल्या, बाकी सगळे दाराबाहेर गेले. श्वास चालू असताना पाठ खालीवर होते आणि चित्र पुसट येते, म्हणून त्या तेवढ्यापुरते व्हेंटिलेटर थांबवितात; त्याआधी रुग्णाला पुरेसा ऑक्सिजन देऊन ठेवलेला असतो. “श्वास थांबवला,” असा त्यांचा आवाज आला आणि मी बटण दाबून धरले. अर्ध्या मिनिटाच्या आसपासची ती फेरी मला फार लांब वाटली. बटण मध्ये सुटले तर फेरी वाया जाते, एवढाच विचार मनात होता. “स्कॅन संपला, श्वास सुरू,” हे मी जरा जास्तच मोठ्याने म्हटले असावे.

यानंतर कोणालाही आत बोलाविण्यापूर्वी मी चित्र तपासते, आणि ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला वाटते. हाडांच्या कडा दुहेरी दिसत असतील, तर रुग्ण हलला आहे आणि ते चित्र रोबोटला पाठवायचे नाही. चित्र ठीक होते. ते रोबोटच्या संगणकाकडे गेले आणि आपोआप जुळले. ‘जुळले’ असे पडद्यावर आले म्हणून सरांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी टोकदार प्रोब (जिचे टोक पडद्यावरही दिसते अशी सळई) घेऊन मणक्याच्या मागच्या काट्याच्या टोकाला स्पर्श केला आणि पडद्यावरील टोकही तेथेच टेकले आहे ना, ते पाहिले. मग दुसऱ्या एका उंचवट्यावर तसेच केले. दोन्ही जुळल्यावरच स्क्रूंचे मार्ग आखले गेले. यंत्रभुजा संथपणे येऊन थांबली. हाडाचा पृष्ठभाग तेथे उतरता असतो आणि ड्रिलचे टोक उतारावरून घसरू शकते. असे घसरले तर पडद्यावर मात्र सगळे आखल्याप्रमाणेच दिसत राहते. म्हणून सरांनी आधी त्या जागी बारीक बरने (हाड घासणाऱ्या फिरत्या हत्याराने) सपाट खाच केली आणि मगच ड्रिल लावले. चारही स्क्रू बसल्यावर, आणि नसेवरील दाब मोकळा केल्यावर, मी पुन्हा एक फेरी घेतली. स्क्रू पेडिकलच्या आत किती आहे याची प्रतवारी गर्ट्झबाइन आणि रॉबिन्स यांच्या 1990 मधील पद्धतीने करतात : संपूर्ण आत असेल तर ‘अ’ श्रेणी, 2 मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर असेल तर ‘ब’, आणि पुढे तसेच. आमचे चारही ‘अ’ श्रेणीत होते. जखम शिवण्याआधी ही फेरी घेण्याचा फायदा असा, की एखादा स्क्रू बदलायचा झाला तर रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी आणावे लागत नाही. मी बाहेर आले तेव्हा एप्रनखालचा गाऊन घामाने भिजला होता आणि मला एकदम खूप भूक लागली होती.

पुढच्या पावसाळ्यात एका शस्त्रक्रियेत जे झाले, ते या सगळ्या वर्षातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्कॅन झाला होता, मेळ तपासून झाला होता, दोन स्क्रू बसले होते. मदतनीस डॉक्टर बाजू बदलत असताना त्यांचे कोपर ड्रेपवर (रुग्णावर पसरलेल्या निर्जंतुक कापडावर) टेकले. स्क्रब सिस्टर लगेच म्हणाली, “थांबा, चौकटीला धक्का लागला.” पडद्यावर काहीही बदललेले नव्हते. सगळ्या खुणा हिरव्या होत्या, कॅमेऱ्याला चारही गोळ्या स्वच्छ दिसत होत्या, यंत्राची कसलीही तक्रार नव्हती. सरांनी तरी प्रोब काट्याच्या टोकावर ठेवला, आणि पडद्यावर ते टोक हाडापासून काही मिलिमीटर बाजूला, मोकळ्या मांसात दिसले. चौकट हाडावरून किंचित फिरली होती. कॅमेरा चौकटीला पाहतो, हाडाला पाहत नाही; चौकट हाडाबरोबर घट्ट आहे हे तो गृहीतच धरतो. चौकट पुन्हा घट्ट करून आम्ही नव्याने स्कॅन केला, वीसेक मिनिटे जास्त लागली, रुग्णाला एका फेरीचे जादा किरण मिळाले आणि उरलेले दोन स्क्रू बरोबर बसले. त्या सिस्टरने तो शब्द उच्चारला नसता, तर पुढचा स्क्रू कुठे गेला असता याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आता प्रत्येक स्क्रूच्या आधी प्रोबने तपासणे आमच्याकडे सक्तीचे आहे. ज्यांच्याकडे असा नियम नाही, त्यांनी तो करून घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या भागात विजेचा आणि उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, वातानुकूलनावर ताण येतो आणि वीज केव्हाही जाते. जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही क्षणही फेरी वाया घालवायला पुरेसे असतात. रोबोट, कॅमेरा आणि त्यांचा संगणक एका यूपीएसवर आहेत. सी-आर्मचा भार मोठा असल्याने त्याच्यासाठी स्वतंत्र यूपीएस घ्यावा लागला. महावितरणच्या स्थानिक कार्यालयाशी आदल्या दिवशी बोलून देखभालीसाठी वीज बंद राहणार आहे का, हे विचारण्याचे काम एका कर्मचाऱ्याकडे दिले आहे, आणि तेथील मंडळी आवर्जून कळवितात. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचे तंतू पंख्यांच्या जाळ्यांत अडकतात आणि यंत्र तापून बंद पडते. कंपनीच्या वेळापत्रकात जाळ्या तीन महिन्यांनी साफ करण्यास सांगितले आहे. आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला करतो.

किरणांविषयी घरच्यांची काळजी साहजिक असते. माझ्या आईला ती अजूनही वाटते. भारतातील नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, तर मात्रा एक चतुर्थांश होते. म्हणूनच फेरीच्या वेळी बाहेर जाण्याचा एवढा आग्रह असतो. आम्हा दोघांच्याही टीएलडी बॅजचे तिमाही आकडे पूर्वीच्या साध्या सी-आर्मच्या दिवसांपेक्षा कमी आले आहेत, कारण तेव्हा आम्ही प्रत्येक स्क्रूला टेबलाशेजारी उभे राहून चित्रे काढत होतो. रुग्णाच्या बाबतीत मात्र असे सरसकट म्हणता येत नाही. प्रत्येक थ्रीडी फेरी त्याला मात्रा देतेच. म्हणून सडपातळ रुग्णासाठी कमी मात्रेची सेटिंग निवडणे आणि दोनच फेऱ्यांत काम भागविणे, हे आम्ही आमचे काम मानतो. बॅज एप्रनच्या आत, छातीच्या उंचीवर लावावा आणि सुटीच्या दिवशी तो क्ष-किरण खोलीत टांगून जाऊ नये, नाहीतर तो खोलीतील किरण मोजतो आणि अहवाल तुमच्या नावावर येतो. शिशाचे एप्रन घडी घालून ठेवले की आत भेगा पडतात, त्यामुळे ते जाड दांडीवरच टांगावेत. नवा हलका एप्रन आम्हाला सुमारे 12,000 रुपयांना पडला. दरवर्षी जानेवारीत प्रत्येक एप्रन सी-आर्मखाली पसरून मी त्याच्या भेगा तपासते आणि तारीख मागच्या बाजूस लिहिते. यंत्राची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी करून अहवाल ई-लोरावर चढवावा लागतो. चाचणी करणाऱ्यांची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून मुदतीच्या तीन महिने आधीच त्यांना पत्र पाठवावे.